सोंग, हशा आणि कर्ता : संगणकीय भूमिकाखेळांतील विनोद व कथाबीजे (इ.स. १९७८ ते १९९३)

प्रस्तावना

भूमिका घेऊन खेळावयाचे खेळ, ज्यांना सामान्यतः 'रोल-प्लेइंग गेम' म्हटले जाते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक लक्षणीय सांस्कृतिक घटित होय. त्यांचा इतिहास बहुतांशी यंत्रांचा, आज्ञावलींचा व कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अनेक माणसे, बहुधा एकमेकांना न पाहता, एकत्र येऊन जी कथा रचतात तिचे बीज कोठून येते आणि त्या रचनेत विनोद नेमके कोणते कार्य करतो, या प्रश्नांकडे त्यामानाने कमी लक्ष गेले आहे. इ.स. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात 'मड' नावाचे बहुखेळाडू संगणकीय विश्व उभे राहिले. इ.स. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका संगणकावर चालणाऱ्या अशाच विश्वात एका विदूषकाच्या सोंगावरून मोठा पेच उद्भवला. या दोन घटनांमधील पंधरा वर्षांचा कालखंड प्रस्तुत निबंधात विचारासाठी घेतला आहे. या समूहांत विनोदाचे काम केवळ करमणुकीचे नव्हते; कथा कोणाची आहे आणि कोणाच्या वतीने कोणी बोलावे, हे ठरविण्याचे ते एक प्रमुख साधन होते, असे येथील प्रतिपादन आहे.

खेळाडू जी व्यक्तिरेखा धारण करतो तिला इंग्रजीत 'कॅरेक्टर' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'पात्र' हा शब्द सहज सुचतो. परंतु पात्राचे बोलणे नाटककाराने आधी लिहिलेले असते. येथे ते ज्याचे त्याने ऐनवेळी रचावयाचे असते. या दृष्टीने 'सोंग' हा शब्द अधिक नेमका आहे. पारंपरिक वगात संहिता लिखित नसे. कथेचा सांगाडा सर्वांस ठाऊक असे आणि सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर प्रवेश रंगत किंवा पडत असे. वग आणि हे खेळ यांचा एकमेकांशी ऐतिहासिक संबंध नाही. तथापि विषय समजावून घेण्यासाठी ही आठवण उपयोगी पडते, म्हणून पुढे 'सोंग' हाच शब्द योजिला आहे.

पूर्वपीठिका : फसलेला डाव

या खेळांचे मूळ शोधताना एका अपयशापाशी यावे लागते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत, युद्धखेळांचे शौकीन एकत्र जमत. त्यांपैकी डेव्हिड वेसली यांनी नेपोलियनकालीन 'ब्राउनस्टाइन' या काल्पनिक जर्मन गावाचा एक डाव मांडला आणि सैन्यांच्या जोडीला गावातील एकेका व्यक्तीची भूमिका खेळाडूंना वाटून दिली. अपेक्षा अशी की, या गोष्टी आटोपल्या की लढाई सुरू व्हावी. प्रत्यक्षात खेळाडू कोपरे धरून कारस्थाने करू लागले, एकमेकांना द्वंद्वाची आव्हाने देऊ लागले आणि लढाई बाजूलाच राहिली. डाव पार फसला, असे वेसली यांना वाटले. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच डाव मांडण्याचा आग्रह धरला.

यानंतरच्या एका डावात डेव्ह आर्नेसन या खेळाडूने आपण सी.आय.ए.चे गुप्त हस्तक आहोत अशी इतरांची खात्री पटवून सर्वांनाच चकविले. हा प्रकार नियमांत बसत होता काय, हे सांगता येणार नाही, कारण तसा नियमच कोणी केलेला नव्हता. पुढे याच आर्नेसन यांनी गॅरी गायगॅक्स यांच्यासह इ.स. १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याची पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. या खेळाच्या जन्मकथेत एका थापेचा वाटा आहे, ही गोष्ट केवळ गमतीची नाही. मांडणाऱ्याने योजलेली कथा एक आणि खेळाडूंच्या थट्टेतून उगवलेली कथा दुसरी, हा ताण आरंभापासूनच होता.

यंत्राचा विनोद

संगणकावर ही परंपरा आली ती प्रथम एकट्या खेळाडूसाठी. विल क्राउथर हे गुहासंशोधक व 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे खेळाडू. केंटकीमधील मॅमथ गुहांच्या माहितीवर त्यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास 'अ‍ॅडव्हेंचर' ही आज्ञावली रचली आणि स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी इ.स. १९७७ मध्ये तिचा विस्तार केला. या खेळात वाटेत एक ड्रॅगन आडवा येतो. खेळाडू त्याला मारण्याची आज्ञा देतो, तेव्हा यंत्र उपरोधाने विचारते की, नुसत्या हातांनी मारणार काय? खेळाडूने वैतागून 'होय' असे लिहिले, तर ड्रॅगन खरोखरच मरतो. उपरोध हेच कोड्याचे उत्तर होते. विनोदातून कथा पुढे सरकण्याचा हा सुबक नमुना असला, तरी तो वुड्स यांनी अगोदर रचून ठेवलेला होता. हसणारा एकटा होता आणि उलट थट्टा करण्याची त्याला सोय नव्हती.

ही सोय एसेक्समध्ये झाली. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने इ.स. १९७८ च्या शरद ऋतूत विद्यापीठाच्या संगणकावर 'मल्टी-यूझर डन्जन' अर्थात 'मड' रचण्यास आरंभ केला. इ.स. १९८० मध्ये त्याची जबाबदारी रिचर्ड बार्टल यांच्याकडे आली. त्या विश्वात गुण मिळवीत वरच्या पायरीवर पोहोचलेल्यास 'विझार्ड' म्हणजे मांत्रिक ही पदवी आणि तिच्यासोबत इतरांवर चालणारे विलक्षण अधिकार मिळत. हेच बार्टल यांनी इ.स. १९९६ मधील आपल्या बहुचर्चित निबंधात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : गुण कमावणारे, धुंडाळणारे, गप्पांत रमणारे आणि इतरांना छळण्यात आनंद मानणारे. वर्गीकरण उपयुक्त आहे. मात्र विनोद त्यात कोठेच स्वतंत्र नाही, कारण चारही प्रकारची माणसे थट्टा करतात. फरक पडतो तो त्या थट्टेची किंमत कोण चुकवितो यात.

कर्त्याचे व्याकरण

इ.स. १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील विद्यार्थी जेम्स अ‍ॅस्पनेस यांनी 'टायनीमड' हे विश्व खुले केले. त्यात राक्षस मारून गुण मिळविण्याची धडपड नव्हती; कोणीही नवी खोली, नवी वस्तू, नवा रस्ता लिहून काढू शकत असे. कथाबीजे अशा रीतीने मांडणाऱ्याच्या हातून सुटून सर्वांच्या हाती आली.

या आणि यासारख्या विश्वांत एक साधी सोय होती, तिचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. खेळाडूने अपूर्णविराम देऊन काही लिहिले की, यंत्र त्या मजकुराच्या आरंभी त्याच्या सोंगाचे नाव लावी. समजा, एखाद्याच्या सोंगाचे नाव 'काकभुशुंडी' आहे आणि त्याने अपूर्णविरामापुढे 'पंख झाडतो आणि उगाच गंभीर होतो' असे लिहिले. तर खोलीतील सर्वांना 'काकभुशुंडी पंख झाडतो आणि उगाच गंभीर होतो' असे वाक्य दिसे. खेळाडू स्वतःविषयी तृतीय पुरुषात लिहीत असल्याने तो आणि त्याचे सोंग यांत एक अंतर राही आणि या समूहांतील पुष्कळसा विनोद त्या अंतरातून निर्माण होई. स्वतःच्या सोंगाची फजिती करण्यात कोणाचेच नुकसान नव्हते. शिवाय वाक्याचा कर्ता यंत्रानेच ठरविलेला असे. काकभुशुंडी काहीही करील. पण दुसऱ्याने काय केले हे तो परस्पर सांगू शकत नसे. त्याने चिखल फेकला, तर तो चिखल लागला की हुकला हे दुसऱ्याने आपल्या वाक्यात लिहावयाचे. या देवघेवीतूनच प्रसंग वाढत जाई. दुसऱ्याच्या नावाने खोटी वाक्ये उमटविण्याला 'स्पूफिंग' असे नाव होते आणि बहुतेक ठिकाणी ते निषिद्ध मानले जाई. मराठी व्याकरणात वाक्याचा 'कर्ता' आणि व्यवहारातील करणारा यांना एकच शब्द आहे. या समूहांची नीती जणू त्या एका शब्दात सामावलेली होती.

थट्टा ही थट्टा आहे हे कळविण्याचा प्रश्न अर्थात यापूर्वीच उपस्थित झाला होता. कार्नेगी मेलन येथेच सप्टेंबर १९८२ मध्ये विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर कोसळत्या लिफ्टमधील पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल, अशी गमतीदार चर्चा चालू होती. त्यातून लिफ्टमध्ये पारा सांडल्याची एक खोटी सूचना लिहिली गेली आणि ती काहींना खरी वाटण्याची धास्ती निर्माण झाली. तेव्हा स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबर रोजी अपूर्णविराम, संयोगरेषा व कंस यांपासून बनलेले आडवे हसरे तोंड सुचविले. हा मूळ संदेश जुन्या चुंबकीय फितींतून इ.स. २००२ मध्ये पुन्हा शोधून काढावा लागला. इतिहासाच्या अभ्यासकास ही बाब सूचक वाटेल. शिलालेख आणि बखरी टिकतात. संगणकावरील गप्पा यंत्र बंद पडले की नाहीशा होतात आणि त्यांतही विनोद सर्वांआधी विरून जातो, कारण त्याचा संदर्भ त्याच रात्रीचा असतो. या निबंधात उल्लेखिलेले प्रसंग हाती लागतात ते त्यांत सहभागी असलेल्या वा ते जवळून पाहिलेल्या व्यक्तींनी वेळीच छापून ठेवले म्हणून.

'टायनीमड'मध्ये 'ज्युलिया' नावाचे एक सोंग वावरत असे. ते वास्तविक मायकेल मॉल्डिन यांची आज्ञावली होती. तिच्यासारख्या आज्ञावलींसाठी 'चॅटरबॉट' हा शब्द त्यांनीच इ.स. १९९४ मध्ये रूढ केला. प्रश्न समजला नाही की ज्युलिया तिरकस उत्तर देई किंवा आइस हॉकीकडे विषय वळवी. अज्ञान झाकण्याचा हा मार्ग माणसांतही अपरिचित नाही, त्यामुळे कित्येक जण फसले. शेरी टर्कल यांच्या इ.स. १९९५ मधील ग्रंथात तिच्याशी सलगी करू पाहणाऱ्या एका खेळाडूची हकीकत येते. विनोदबुद्धी हीच माणूसपणाची खूण मानली जात असल्याने यंत्राला विनोदाचा आधार पुरेसा झाला.

मृत्यूशी घासाघीस

कथाबीज कोण पेरतो, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण 'हॅबिटॅट' या विश्वात सापडते. हे विश्व मजकुराबरोबर चित्रांचेही होते. लुकासफिल्म कंपनीने क्वांटम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या सहकार्याने ते कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी उभारले आणि इ.स. १९८६ मध्ये त्याची चाचणी सुरू झाली. त्याचे रचनाकार चिप मॉर्निंगस्टार व रँडी फार्मर यांनी आपले अनुभव पुढे एका निबंधात मोकळेपणाने मांडले. त्यांनी एका बेटावरील खजिन्याचा शोध हा मोठा कथाभाग कित्येक आठवडे खपून रचला होता. एका खेळाडूने त्यातील कळीचे रहस्य ओळखले आणि आठ तासांत सारे संपले. बाकीच्यांचा तर अद्याप आरंभही झाला नव्हता.

याउलट जे मुळीच योजलेले नव्हते ते गाजले. 'मृत्यू' आणि 'छाया' या दोन सोंगांचे एक भुयार गावाबाहेर उघडण्यात आले. ही सोंगे व्यवस्थापक मंडळी वठवीत आणि त्यांच्याजवळ एकाच गोळीत ठार करणारी खास बंदूक असे. इतरांच्या बंदुकीला बारा गोळ्या लागत. एका रात्री मृत्यूच मारला गेला आणि नियमानुसार हातातून गळून पडलेली बंदूक एका खेळाडूने उचलली. व्यवस्थापकाने ती परत मागितली. आपण ती खेळात रीतसर मिळविली आहे, असे खेळाडूचे म्हणणे पडले. तेव्हा खाते रद्द करण्याची धमकी देण्यात आली. बंदूक परत मिळाली. खेळाडू आणि त्याचे मित्र मात्र दुखावले गेले.

दुसऱ्या रात्री मृत्यूचे सोंग स्वतः रचनाकारांपैकी एकाकडे होते. आधीच्या माणसाने सोंगाच्या जखमा भरून काढलेल्या नसल्याने मृत्यू पुन्हा मेला आणि बंदूक पुन्हा गेली. या वेळी मात्र रचनाकाराने सोंग सोडले नाही. बंदूक न दिल्यास येऊन ठार करीन, असा निरोप मृत्यूने त्या स्त्री-सोंगास धाडला. आपण गावातून बाहेर पडलोच नाही तर मृत्यू आपले काहीच करू शकत नाही, असे तिने उलट कळविले. आणि खेळाच्या नियमांनुसार तिचे म्हणणे बरोबर होते. शेवटी दहा हजार 'टोकन' खंडणी ठरली. गावाच्या मध्यभागी, तटस्थ मध्यस्थाच्या साक्षीने, बघ्यांच्या गर्दीत, मृत्यूने यथेच्छ नाटकी हावभाव करीत आपली बंदूक सोडवून घेतली. दुसऱ्या दिवशी त्या विश्वाच्या वर्तमानपत्रात ही बातमी छापून आली. सावित्रीच्या कथेत वाढलेल्या मराठी वाचकास यमाशी चाललेली ही घासाघीस परकी वाटू नये.

दोन्ही रात्री घटना एकच घडली आणि बंदूक दोन्ही वेळा परत मिळाली. पहिल्या रात्री व्यवस्थापक सोंगातून बाहेर येऊन मालक म्हणून बोलला. दुसऱ्या रात्री मालकाने स्वतःच्या सोंगाची फजिती पत्करली आणि त्या फजितीतून गावाला अनेक दिवस पुरेल अशी गोष्ट मिळाली. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने हसे करून घेण्यास तयार असणे, ही या समूहांतील विनोदाची पहिली अट दिसते. ती पाळणे व्यवस्थापनाच्या नेहमीच्या रीतीस मानवत नाही, हेही पहिल्या रात्रीवरून स्पष्ट होते.

विदूषक आणि बेडूक

ही अट पाळूनही विनोद किती घातक ठरू शकतो, हे 'लॅम्डामू' या विश्वात दिसून आले. पॅव्हेल कर्टिस यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात इ.स. १९९० मध्ये हे मजकुरी विश्व सुरू केले. त्याची वास्तू कर्टिस यांच्या स्वतःच्या घराच्या नमुन्यावर बेतलेली होती आणि त्यात येणारा नवखा खेळाडू डगले ठेवण्याच्या अंधाऱ्या कपाटात प्रकट होई. दिवाणखान्यात एक काकाकुवा होता. लोकांची ऐकलेली वाक्ये तो भलत्याच वेळी उच्चारी आणि कित्येकदा त्यातून हशा पिके. फार झाले तर कोणीही त्याचे तोंड बांधू शकत असे. विशेष म्हणजे, वाक्य दुसऱ्याचे असले तरी बोलणारा काकाकुवा आहे हे सर्वांना दिसत असे.

डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केले की, मांत्रिक मंडळी यापुढे केवळ तांत्रिक कामे पाहतील. सामाजिक निर्णय समूहाने आपले आपण घ्यावेत. निर्णय कसे घ्यावयाचे, याची कोणतीही रीत मात्र तेव्हा ठरलेली नव्हती. त्यानंतर तीन-चार महिन्यांतच 'मिस्टर बंगल' या नावाचे एक सोंग दिवाणखान्यात आले. त्याचे वर्णन लठ्ठ, ओंगळ विदूषकाचे होते. त्याच्याजवळ एक 'व्हूडू बाहुली' होती. ती म्हणजे दुसऱ्या सोंगांच्या नावाने वाक्ये उमटविणारी छोटी आज्ञावली होय. तिच्या साहाय्याने त्याने उपस्थितांतील काही सोंगांवर लैंगिक अत्याचाराची वर्णने लादली आणि ती कृत्ये जणू त्या सोंगांनीच केली अशा रीतीने लिहिली. अखेर एका जुन्या खेळाडूने आपल्या खास बंदुकीने त्याला पिंजऱ्यात कोंडले, तेव्हा हा प्रकार थांबला. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी डिसेंबर १९९३ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि तो पुढे अनेक अभ्यासक्रमांत वाचला गेला.

या प्रसंगाची चर्चा बहुधा शब्द आणि कृती यांच्या संबंधाच्या अंगाने होते. विनोदाच्या इतिहासाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट नोंदवावयास हवी. बाहुली हे मुळात थट्टेचे उपकरण होते आणि विदूषक हे थट्टेचे सोंग. बंगलने हिरावून घेतले ते दुसऱ्यांचे कर्तेपण. चिखल लागला की हुकला हे लिहिण्याचा त्यांचा हक्कच त्याने काढून घेतला. पीडितांपैकी सिअ‍ॅटलमधील एका स्त्रीने दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या निवेदनात संताप होता, तसाच वैतागाचा काहीसा कोरडा सूरही होता. आपण ते लिहीत असताना आपल्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, असे तिने काही महिन्यांनंतर डिबेल यांना सांगितले. तो सूर वाचून तिला फारसे लागले नाही, असा अर्थ काढणे सोपे होते. तिच्या भोवतालच्या समूहात हसत बोलण्याचीच रीत असल्याने वेदनेलाही त्याच रीतीने बोलावे लागले.

तिने 'टोडिंग'ची मागणी केली. या शब्दाचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. जुन्या विश्वांत उपद्रवी खेळाडूला मांत्रिक परीकथेतल्याप्रमाणे बेडूक करून टाकीत. त्याचे वर्णन पुसून तेथे ओबडधोबड कातडीच्या बेडकाचे वर्णन येई आणि सर्व जण हसत. 'लॅम्डामू'मध्ये त्याच आज्ञेचा अर्थ सोंग खात्यासह कायमचे नष्ट करणे असा झाला होता. अशा प्रकारे एका हलक्याफुलक्या गमतीचे नाव मृत्युदंडाला चिकटले आणि त्या नावामुळेच मागणीचे गांभीर्य कित्येकांच्या लवकर लक्षात आले नाही, असे म्हणण्यास जागा आहे. तीन दिवसांनी भरलेल्या सभेत प्रदीर्घ चर्चा झाली. बंगल स्वतः तेथे आला आणि आपल्या प्रत्यक्ष जीवनावर ज्यांचा परिणाम नाही अशा घटनांचा तो एक क्रम होता, असे त्याने सांगितले. सभा निर्णयाविना संपली. त्याच रात्री एका मांत्रिकाने एकट्याच्या जबाबदारीवर बेडकाची आज्ञा चालविली. प्रवासातून परतलेल्या कर्टिस यांनी त्यानंतर विनंतिअर्ज व मतदानाची पद्धत सुरू केली. समूहाने स्वतः निर्णय घ्यावेत असे म्हणून मोकळे होता येत नाही, हे त्यांना उमगले असावे.

थोड्याच दिवसांनी 'लॅम्डामू'मध्ये एक नवे सोंग दाखल झाले. त्याच्या वागण्यावरून हा बंगलच परत आला आहे, हे जुन्या मंडळींनी ओळखले. तो इतर खेळाडूंना एका बरणीत कोंबत असे आणि त्या बरणीत मृत बंगलची एक चिमुकली प्रतिकृती ठेवलेली होती. त्याने स्वतःसाठी घेतलेले नाव होते 'डॉक्टर जेस्ट', म्हणजेच डॉक्टर थट्टा.